परतीची हाडं

मंगळावरच्या वसाहतीत हद्दपारीसाठी खटला लागत नसे. 'शांततेला बाधा' एवढे दोन शब्द प्रशासकांनी लिहिले, की माणूस पुढच्या यानानं पृथ्वीवर. अट एकच: त्याचं शरीर पृथ्वीवरचं वजन पेलेल, असा डॉक्टरांचा दाखला हवा.

कुंदा सोनवलकर बोगद्यात वेल्डिंग करायची. बोगदा ढासळून तिचे तीन सोबती गेले, तेव्हापासून कामगार चौकशी मागत होते. दोन पुढाऱ्यांची रवानगी झाली आणि दोन्ही वेळा संप विझला. तिसऱ्यांदा कुंदानं काम बंद पाडलं. लगेच तिच्या नावाचा हुकूम निघाला.

डॉ. बिवलकरांनी तिच्या हाडांची तपासणी केली आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"कुंदाताई, भारचक्रात किती दिवस बसला नाहीत?"

मंगळावर माणसाचं वजन निम्म्याहूनही कमी भरतं. ओझं नसलं की हाडं आतून विरळ होत जातात. म्हणून प्रत्येकानं रोज दोन तास भारचक्रात, म्हणजे गरगर फिरणाऱ्या एका अजस्र पिंपात, बसायचं. तिथं शरीराला पृथ्वीइतका भार मिळे.

"चौदा महिने. पहिल्या पुढाऱ्याला नेलं त्या दिवसापासून. माझी हजेरी मैत्रीण लावते."

"अहो, आता पृथ्वीवर नुसतं उभं राहिलात तरी मांडीचं हाड मोडेल. हे भरून यायचं नाही."

"म्हणजे मला पाठवता येणार नाही."

"तुम्हाला जाताही येणार नाही. लेक आहे ना फलटणला?"

"तिला सांगितलंय. तीन दिवस बोलली नाही. मग विचारलंन, आई, जेवतेस ना नीट?"

दाखला मिळाला नाही आणि कुंदा राहिली. वस्तीनं तिला खांद्यावर घेतलं. दोन वर्षांत चारशे जणांनी भारचक्र सोडलं.

मग प्रशासकांनी तिला बोलावलं. अटकेच्या तयारीनं ती गेली, तर समोर चहा आला.

"हद्दपारीचं कलम आम्ही रद्द करतोय," ते म्हणाले.

"आणि चौकशी?"

"चौकशी कसली? आम्हाला धास्ती होती ती परत जाऊ शकणाऱ्या माणसांची. संप मोडायला आम्हीच त्यांना पाठवायचो, आणि ती तिकडे जाऊन बोलायची. तुम्ही कुठं जाणार? हवा आमची, पाणी आमचं. मरेपर्यंत." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "उद्यापासून भारचक्र सगळ्यांसाठीच बंद."

"काल जन्मलेल्या पोरीलाही?"

"तिला तर त्याची गरजच पडणार नाही."

कुंदानं चहाला हात लावला नाही. पण श्वास घ्यावाच लागत होता.