सपाट जागा

चढावर माझी गाडी थांबली आणि मागच्या गाडीतला माणूस हॉर्न न वाजवता उतरून आला. अम्मानमध्ये एवढ्यावर एखादी प्रेमात पडेल. मी पडले नाही. मला आठला शेजारच्या सल्त गावातल्या शाळेत पोचायचं होतं.

"इंजिन ओरडतंय, पण गाडी चढत नाही. असंच ना?"

"गिअरबॉक्स गेलाय म्हणे. गुरुवारी माझा भाऊ गाडी विकतोय."

"आणि तुम्ही?"

"मी शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडतेय. दोन बस बदलून आठला पोचता येत नाही."

त्याचं नाव सुहैब. त्याचं गॅरेज चढाच्या पायथ्याशीच होतं, म्हणून गाडी हळूहळू मागे उतरवत तिथे नेली. त्याने इंजिन तापू दिलं, प्रत्येक गिअर टाकून पाहिला, मग गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइलचा वास घेतला. आई वेलचीच्या कॉफीचा घेते, तसा… सावकाश.

"लाल आहे, जळकट वास नाही. गिअरबॉक्स धडधाकट आहे. ऑइल मात्र फारच कमी. कधी बघितलं होतंत?"

मला रागच आला. "दर शुक्रवारी बघते. इंजिन गरम करून, चालू ठेवून. पट्टी कायम भरलेली असते."

"कुठे बघता?"

"घरासमोर. जबल अल-ताजच्या टेकडीवर."

"तिथे सपाट जागा आहे?"

नव्हती. मी रोज चाकाखाली दगड लावून गाडी उभी करते. उतारावर ऑइल पट्टीच्या बाजूला गोळा होतं आणि पट्टी भरलेली दिसते. मी भौतिकशास्त्र शिकवते. हा आठवीचा धडा आहे.

"कोणाला सांगू नका," मी म्हणाले.

"विद्यार्थ्यांना?"

"भावाला."

सुहैबने गळकं गॅस्केट बदललं, ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट्याने चढ चढली. गिऱ्हाइकाला नकार कळवताना भावाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

"दर शुक्रवारी आणत जा," सुहैब म्हणाला होता. "माझ्याकडची फरशी सपाट आहे."

"शुक्रवारी गॅरेज बंद असतं ना?"

"हो… असतं."

नऊ शुक्रवार मी गेले. तो पट्टी पुसायचा, मी फडकं धरायचे, कॉफी गार व्हायची. दहाव्या शुक्रवारी त्याने पट्टी काढलीच नाही.

"एक सांगायचंय. दर आठवड्याला बघायची गरज नसते. सहा महिन्यांनी पुरतं. मी… खोटं बोललो."

"माहीत आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. तिसऱ्या शुक्रवारीच वाचलं."

"मग येत का राहिलात?"

"तुम्ही आवडता म्हणून," मी म्हणाले. बोलल्यावर हातातलं फडकं कुठे ठेवावं ते कळेना.

त्याने बॉनेट लावलं. "पुढच्या शुक्रवारी तुम्ही येऊ नका. मी आईला घेऊन तुमच्याकडे कॉफीला येतो. गाडी लावायला जागा असेल ना?"

"उतार आहे," मी म्हणाले. "तुमच्या चाकासाठी दगड मी काढून ठेवते."