चेहऱ्याची पडताळणी

डिसेंबरात नंदुरबारमध्ये कोणी खोकलं तर त्याला आजारी समजत नाहीत. शहराबाहेरच्या मैदानांवर मिरची वाळत घातलेली असते आणि वारा फिरला की तिचा ठसका घराघरात शिरतो. जाकीरला ठेवलं होतं त्या दवाखान्याच्या मागेच मिरची वाळवायची अशी एक पथारी होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लांबपर्यंत लाल जमीन दिसायची आणि तिच्यावर वाकून मिरची खालीवर करणाऱ्या बायका.

माझा नवरा जाकीर घोड्यांचे लगाम आणि खोगीर शिवतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून परतताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. डोक्याला मार बसला. तीन दिवस त्याने डोळे उघडले नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्त साचतंय. आज संध्याकाळपर्यंत सुरतला हलवा." सुरतच्या इस्पितळाने दोन लाख आधी भरायला सांगितले.

पैसे होते, पण क्रिप्टोमध्ये. यात्रेच्या कमाईतून जाकीर गेली चार वर्षं थोडं थोडं बिटकॉइन घेत होता. त्याच्या फोनचं लॉक, अ‍ॅपचा पासवर्ड, सगळं मला ठाऊक होतं. मी शाळेत गणित शिकवते. असले व्यवहार मला अवघड जात नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून मी सगळं विकलं. दोन मिनिटांत अ‍ॅपमध्ये दोन लाख ऐंशी हजार रुपये दिसायला लागले. एका दिवसात दोन लाखच काढता येत होते. तेवढे आमच्या जोडखात्यात वळवायला बटण दाबलं, तर पडद्यावर आलं: खातेदाराने कॅमेऱ्यात बघावं, पापण्या मिटाव्यात, मान वळवावी.

मी फोन घेऊन जाकीरजवळ गेले. ड्युटीवर संध्या नावाची नर्स होती. काय करायचंय ते मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "डोया उघाडी धरू का, भाभी?"

तिने दोन बोटांनी त्याच्या पापण्या वर धरल्या. बुबुळं कुठेच बघत नव्हती. मी फोन त्याच्या चेहऱ्यावर धरला. तीनदा केलं. तीनदा नकार आला. मग अ‍ॅपने कळवलं, दोन ते चारच्या दरम्यान आमचा प्रतिनिधी व्हिडिओ कॉल करेल.

मी हेल्पलाइनला फोन लावून खरं काय ते सांगून टाकलं. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, वाईट वाटतं. पण खातेदारानं स्वतः बोलावं लागेल."

दोन वाजले. फोन मी जाकीरच्या उशाशी चार्जिंगला लावला. तेवढ्यात खालून निरोप आला, अ‍ॅम्ब्युलन्सच्या कागदांवर सही हवी. संध्याला तिथे बसवून मी खाली गेले. पंधरा मिनिटांनी वर आले तेव्हा फोन होता तिथेच होता. उचलला तर तव्यासारखा तापलेला.

पडताळणी पूर्ण, असं लिहून आलं होतं. त्याखाली बँकेचा मेसेज. दोन लाख जमा.

"कोण बोललं फोनवर?" मी विचारलं.

"कोणीच नही, भाभी. मी आठेच बशेल व्हती. फोन वाजनाच नही." संध्याचा चेहरा साफ होता. ती खोटं बोलत नव्हती.

जाकीर तसाच पडला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मनगटं पलंगाला बांधलेली.

मी पुन्हा हेल्पलाइन लावली. या वेळी कोणी पुरुष होता. "झालं की, मॅडम. सरांनी सगळी उत्तरं दिली. जन्मतारीख, आईचं नाव. मान वळवली. फक्त उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून जरा वळून उभं राहायला सांगितलं."

"उभं?"

"बाहेर होते ना सर. मागे सगळं लाल लाल होतं."

मी खिडकीशी गेले. पथारीवर बायका नव्हत्या, जेवायला बसल्या असाव्यात. नुसती मिरची, आणि वर ऊन. मी बराच वेळ बघत राहिले. मग खाली अ‍ॅम्ब्युलन्सने हॉर्न दिला आणि मी खिडकी लावून घेतली. पैसे आले होते. जाकीर जगणार होता. त्या दिवशी मला आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं.

सुरतला ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी त्याने डोळे उघडले. जानेवारीच्या शेवटी आम्ही घरी आलो. तो चालायला लागला, जेवायला लागला, पुन्हा मशीनवर बसून चामडं शिवायला लागला. टाके सरळ यायचे. शेजारी म्हणायचे, नशीब काढलंस महजबीन.

मार्चमध्ये औषधांसाठी उरलेले ऐंशी हजार काढायचं ठरलं. पुन्हा पडताळणी मागितली. या वेळी जाकीर स्वतः कॅमेऱ्यासमोर बसला. पापण्या मिटल्या, मान वळवली.

चेहरा खातेदाराशी जुळत नाही.

"दाढीमुळे असंल," तो म्हणाला. दाढी करून आला. पुन्हा तेच. त्याने खांदे उडवले आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.

मी अंगणात जाऊन हेल्पलाइन लावली. पहिल्या दिवशीचीच मुलगी होती. खाते क्रमांक सांगितल्यावर ती घुटमळली.

"मॅडम, खातं आम्ही थांबवलंय. सरांनीच तक्रार केलीय. त्यांचा चेहरा घेऊन दुसरं कोणी पैसे काढायला बघतंय म्हणे."

"कोणी केली तक्रार?"

"खातेदारांनी. रोज दोनच्या सुमाराला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो."

"कुठून बोलतात ते?"

"मैदानातून. आधी मागे लाल असायचं. आता नुसती माती दिसते."

मिरचीचा हंगाम संपला होता. पथाऱ्या आठवड्यापूर्वीच उठल्या होत्या.

"काय म्हणतात?"

"पैशांचं फारसं नाही बोलत." तिचा आवाज खाली आला. "एकच विचारतात. महजबीन मला न्यायला परत कधी येणार."

आतल्या मशीनचा आवाज थांबला होता. वळून पाहिलं तर जाकीर दारात उभा होता. फोनवर कोण आहे हे न विचारताच त्याने फोनसाठी हात पुढे केला.