बरणीतलं हृदय

काचेच्या बरणीत लिंबाएवढं हृदय धडधडत होतं आणि हृदयरोग विभागातले सगळे त्याच्याकडे पोटच्या पोराकडे पाहावं तसे कौतुकानं पाहत होते. नाझनीन तांबोळी सगळ्यांच्या मागे टाचा उंचावून उभी होती. वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी विभागात शिकायला आली त्याला जेमतेम आठवडा झाला होता, पण तेवढ्यातच आपण सांगलीच्या आहोत याचा तिला नव्यानं अभिमान वाटू लागला होता. पुण्या-मुंबईचे बडे डॉक्टर हे 'प्रतिहृदय' पाहायला सांगलीत येत, ही काय साधी गोष्ट होती!

"तांबोळी, मागून काय डोकावतेस? पुढे ये," विभागप्रमुख डॉ. माधुरी उपाध्ये म्हणाल्या. प्रतिहृदय ही त्यांचीच करामत. "सांग, हे काय आहे?"

"आरोही मगदूम यांचं प्रतिहृदय, मॅडम. त्यांच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूळपेशी बनवलं आणि त्यांतून हे हृदय वाढवलं. ज्याचं रक्त त्याचं हृदय. जनुकांत दोष असेल तर तो इथे जसाच्या तसा उतरतो."

"आणि उपयोग काय?"

"माणसावर जे करून बघणं धोक्याचं, ते यावर बिनधास्त करता येतं."

"मग कर."

नाझनीननं बरणीत अ‍ॅड्रेनलिनचा थेंब सोडला. हृदय धावू लागलं. आधी छान धावलं, मग त्याचा ताल सुटला, ते नुसतं थरथरलं आणि थांबलं.

"आरामात ठणठणीत, श्रमात घातक," डॉ. उपाध्ये म्हणाल्या. "ईसीजीत हे दिसत नाही. संध्याकाळी तिच्या छातीत, ताल सुटला की धक्का देणारं यंत्र बसवू. अग्निशमन दलाची नोकरी मात्र तिला विसरावी लागेल. तांबोळी, तू जाऊन तिची सगळी माहिती घे. अगदी जन्मापासून."

हे काम आता फक्त विद्यार्थ्यांच्याच गळ्यात पडे. बरणी सगळं सांगत असताना पेशंटशी गप्पा मारायला वेळ कुणाला होता? पण डॉ. उपाध्ये जुन्या वळणाच्या. बोलायला शिकल्याशिवाय त्या कुणाला पास करत नसत.

आरोही खाटेवर ताठ बसली होती. दलात निवड झालेली ती गावातली पहिलीच मुलगी. नोकरीआधीच्या सक्तीच्या तपासणीसाठी म्हणून आली आणि इथं अडकली. शेजारी तिचा थोरला भाऊ धैर्यशील, खांद्यावर खेळाची पिशवी घेऊन. संध्याकाळी कबड्डीचा अंतिम सामना होता आणि संघाची सारी मदार त्याच्या चढायांवर होती.

"डॉक्टरबाई, आमची आरू पाठीवर माणूस घेऊन शिडी चढती," तो म्हणाला. "तिचं हृदय कसं काय बिघडंल?"

नाझनीननं आपले प्रश्न सुरू केले. "लहानपणी काही मोठं आजारपण?"

"थॅलेसेमिया होता," आरोही म्हणाली. "इथं सगळ्यांनी हृदयाचंच विचारलं, म्हणून बोलले नाही. तो कधीच बरा झालाय."

"बरा झाला म्हंजे? मी बरा केला!" धैर्यशीलनं छाती ठोकली. "ही एवढीशी हुती. माझ्या हाडातला मगज काढून हिला दिला. आजबी हिच्या अंगात माझंच रक्त तयार हुतंय. इचारा कुणालाबी गावात!"

नाझनीन पुढचा प्रश्न विसरली. "आलेच," एवढं म्हणून ती जिना चढत सुटली.

"मॅडम, यंत्र बसवू नका!"

डॉ. उपाध्येंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपल्या पद्धतीनं आजवर एकदाही दगा दिलेला नाही, तांबोळी."

नाझनीन मागे हटली नाही. "पद्धत बरोबरच आहे, मॅडम. पण रक्त त्यांचं नाही. अस्थिमज्जा भावाची आहे. रक्तपेशी भावाच्या, म्हणजे त्यांतली जनुकंही भावाचीच."

डॉ. उपाध्ये खुर्चीत मागे टेकल्या. मग स्वतः उठून खाली गेल्या आणि आरोहीचे चार केस मुळासकट उपटून घेऊन आल्या. केसांची मुळं तरी तिची स्वतःची होती. दुपारी त्यांच्या जनुकतपासणीचा निकाल आला. त्यात तो दोष औषधालाही नव्हता.

"बरणी चुकली नाही. मीच विचारायचं विसरले," डॉ. उपाध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि त्यांनी नाझनीनच्या पाठीवर थाप मारली. "हिनं विचारलं. माझी विद्यार्थिनी आहे ही!"

नाझनीनला आभाळ ठेंगणं झालं. पण थाप खाऊन हसता हसता तिची नजर बरणीकडे गेली आणि तिचं हसू विरलं. थांबलेलं हृदय तिथंच तरंगत होतं. ते कुणाचं, हे आता सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, तो सामन्याला निघालाय!"

ती खाली धावली. मागून आरोही धावली, आणि बिनधोक धावली. फाटकाशी धैर्यशील मोटरसायकल सुरू करत होता. आरोहीनं काही न विचारता किल्ली काढून घेतली. नाझनीननं धापा टाकत सगळं सांगितलं.

तो आधी हसला. "मला? कधी छातीत कळबी आली नाही."

"बरणीतल्यालाही नव्हती आली. धावायला लावलं तेव्हाच ते बंद पडलं. यंत्र बसवलं की तुम्ही नीट जगाल."

"आणि कबड्डी?"

नाझनीननं मान खाली घातली. त्याला कळलं. त्यानं खांद्यावरची पिशवी उतरवून जमिनीवर ठेवली. आरोहीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबा," तो एकदम म्हणाला. "म्हंजे ते बंद पडलं ते माझं हृदय. आरूचं न्हाई?"

"नाही. त्यांचं अगदी उत्तम आहे."

धैर्यशीलचा चेहरा असा फुलला, की नाझनीन बघतच राहिली. त्यानं वळून फाटकावरच्या शिपायाला हाक मारली, रस्त्यावरचे लोकही थांबले इतक्या मोठ्यानं.

"अवो मामा, ऐकलं का? माझी भन पास झाली!"