कुणाचीच नसलेली गाय

पोरांनो, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. पण इटलीच्या टोकाला, आपल्या कालाब्रियात, एका गाईनं अख्खी टोळी गजाआड धाडली!

तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती.

"तेक्ला, पळ! पुन्हा शिरल्या!" साव्हेरिओ ओरडला.

अग्नेसेमावशीच्या लिंबांच्या बागेत वीस-पंचवीस गाई घुसल्या होत्या. रोपं कडाकड मोडत होत्या. शेजाऱ्यांपैकी एकानंही काठी उचलली नाही. गाई कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घ्यायची मात्र कुणाची छाती नव्हती! दॉन फोर्तुनातोच्या टोळीची ही जुनी खोड. आधी गाई सोडायच्या, मग उजाड झालेली जमीन मातीमोलानं घ्यायची.

"आणखी एकदा आल्या, की बाग विकावीच लागेल रे," मावशी दोघा भाचरांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कॅप्टन लान्झाबाई शिपाई घेऊन आल्या. त्यांनी गाई चौकालगतच्या कोंडवाड्यात घातल्या. टोळीची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम त्यांच्या खिशात होता.

"पण कानात बिल्ले नाहीत! मालक सापडला नाही, तर दुपारी सोडाव्या लागतील. बोला, कुणाच्या या?"

"रानटी असतील!" कॅफेसमोर बसलेला दॉन हसला. "माझ्याकडे साधी कोंबडीसुद्धा नाही, बाई!"

मोठी माणसं आपापले बूट न्याहाळू लागली.

तेक्ला कुंपणाशी टेकली होती. म्होरक्या गाईनं तिच्या खिशात नाक खुपसलं.

"साव्हेरिओ, रानटी गाय खिसे कशाला चाचपेल?"

"हिला कुणीतरी खिशातून भरवतंय!"

"कोण?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार की!"

तेक्लानं फाटक उघडलं, दावं धरलं. गाय चौकात आली. तिनं पाद्रीबाबांचा खिसा हुंगला, मग न्हाव्याचा. तेवढ्यात दॉनचा आडदांड माणूस काठी घेऊन आडवा आला.

"पोरी, दावं टाक."



"टाकलं!" तिनं दावं सोडून दिलं.

गाय त्याला ढुशी देऊन थेट दॉनकडे गेली आणि त्याच्या पांढऱ्या कोटात तिनं तोंडच घातलं.

"हट! हट म्हणतो ना!"

टर्रकन खिसा फाटला. खडेमीठ भसाभसा फरशीवर सांडलं, आणि गाय ते मिटक्या मारत चाटू लागली!

"त्याचीच आहे!" मावशी उभी राहिली. "बागही त्यानंच नासवली. लिहून घ्या माझं नाव!"

"माझंही!" न्हावी म्हणाला. मग पाद्रीबाबा. मग सगळा चौक!

"शाबास, पोरांनो! अख्ख्या गावाचं तोंड उघडलंत!" कॅप्टन म्हणाल्या. मावशीची बाग वाचली. जप्ती गाईंवरून गोठ्यावर गेली, गोठ्यावरून दॉनच्या घरावर, आणि टोळी गजाआड!

आणि दॉन? तो घरात पळाला! गाय त्याच्या मागे! एक मजला, दोन मजले, तिसऱ्या मजल्याच्या सज्जात तिनं त्याला गाठला! खालून कॅप्टननी सलाम ठोकला, तशी गाईनं पुढचा पाय उचलून...

"आजोबा, थापा!" पुढ्यात बसलेली मिम्मा उसळली. "त्या घरात आता आमची शाळा भरते. त्याला वरचा मजलाच नाही!"