बायबिचेचं तोंड

नवऱ्याने, तालायने, तिलापिया मासा आणला तो तळण्यासाठीच. बादलीत जिवंत, चांगला दोन वितींचा. पण माझा कांदा चिरून होईपर्यंत तालाय त्या माशाच्या डोळ्यांत बघत बसला, आणि झालं! मासा गेला पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत आणि आम्ही खाल्ले बटाटे.

मादी होती ती. माझ्या सासऱ्यांनी, शारशेन अतांनी, तिचं नाव ठेवलं बायबिचे, म्हणजे थोरल्या बाई. टाकीचं झाकण उचललं की बाई वर येऊन तोंडाचा हा मोठा आ करायच्या. अता नानचे तुकडे भरवायचे. मला मेलीचं कौतुक नव्हतं. मी औषधाच्या दुकानात काम करते. माशाला भूक असते, माया नसते, एवढं मला कळतं.

माझी बेगिमाय चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. कान ठीक, घसा ठीक, असं डॉक्टर म्हणायचे. तिने एकदा मला ‘अपा’ म्हणावं, आई म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी माझा जीव तुटायचा.

अता तीन तारांचा कोमुझ वाजवत उभ्या उभ्या गाणी रचायचे. ती ऐकायला आमचं सगळं तोकमोक शहर लोटायचं. असा माणूस लेकराच्या तोंडात थुंकला की त्याची जीभ लेकराला मिळते, असं आमच्यात मानतात. माझा विश्वास नव्हता, पण मी परातभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि नातेवाईक बोलावले.

ऐन वेळी पोरीने ओठ घट्ट मिटले. काही केल्या उघडेना. सगळे हसायला लागले. अतांनाही चेष्टेची लहर आली. शेजारी टाकीचं झाकण उघडं होतं, बायबिचे आ करून उभी होती. ते वाकले आणि तिच्याच तोंडात थुंकले.

“घ्या बायबिचे, तुम्ही तरी बोला.”

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकटी त्यांची म्हातारी बहीण हसली नाही. “हे एकदाच देता येतं, शारशेन,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात अता झोपेतच गेले.

त्यानंतर बायबिचेने खाणं सोडलं. तोंड मिटलेलं, घसा फुगलेला. तालाय मासेवाल्याला विचारून आला. या जातीची मादी अंडी तोंडात धरते, म्हणे, पिल्लं निघेपर्यंत अन्नाला शिवत नाही.

“आणि नर कुठाय?” मी विचारलं.

बाहेर बर्फ पडत होतं. खिडकीतला पांढरा उजेड पाण्यातून हलत हलत बेगिमायच्या चेहऱ्यावर यायचा. दिवसभर ती काचेला कपाळ टेकून बसायची. माशाचा घसा हलला की तिचाही हलायचा. खोलीत बारीक गुणगुण असायची. पंप असेल म्हणून मी पंप बंद केला.

गुणगुण चालूच राहिली. गाणं सुचायच्या आधी अता मिटल्या तोंडाने तसंच गुणगुणायचे. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

एके सकाळी चहा घेऊन आले तर टाकीचं झाकण बाजूला, खाली स्टूल. बायबिचे वर येऊन नानसाठी आ करत होती. तिचा घसा रिकामा होता. पाण्यात एकही पिल्लू नव्हतं.

बेगिमाय जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसली होती. केस ओले, बाह्या ओल्या. पुढ्यात नान आणि साय, पण हात लावलेला नाही.

“तोंड उघड, बाळा,” मी म्हणाले.

तिने नाही म्हणून मान हलवली, अगदी जपून, काठोकाठ भरलेला वाडगा नेतात तसं. पोरगी खुशीत होती.

मी तिला मांडीवर घेतलं. तिच्या गालाला कान लावला.

“अपा.”

ओठ मिटलेलेच होते. मला रडू फुटलं. मी तिला घट्ट धरलं.

मग गालाच्या आतून दुसऱ्या आवाजाने हाक मारली. मग तिसऱ्या. मग सगळ्यांनी.