लाल्या बैलाचा फोन

"माझं दुकान बुडालं, साहेब!"

लातूरच्या कचेरीत पाऊल टाकताच बुद्धप्रिया म्हणाली. औशात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. काल तिने शेषेरावांच्या फोनची बॅटरी बदलली. संध्याकाळी बँकेचं ॲप 'फोन जेलब्रेक केलाय', म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलंय, म्हणून अडून बसलं, आणि शेषेरावांनी बाजारभर तिच्या नावानं बोंब ठोकली. आज सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

गुप्तहेर श्रीशैल शांतपणे ऐकत होता. त्याचे दोस्त किशनराव मात्र मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे झाले. कंपनीचं कुलूप तोडायला कॉम्प्युटर लागतो, आणि कॉम्प्युटर हिच्याच दुकानात!

दुपारी तिघे शेषेरावांच्या घरी पोचले.

"हिनंच केलं!" शेषेराव गरजले. त्यांच्या फोनवर प्रत्येक ॲपच्या चित्राच्या जागी त्यांच्या लाडक्या लाल्या बैलाचं तोंड होतं. पुतण्या शिवमनं दिवाळीला नांदेडहून येऊन लॅपटॉपवर करून दिलेलं.

"बँकेचं ॲप कधीचं?" श्रीशैलनं विचारलं.

"कालचं. हिनंच फोनात घालून दिलं. दुकानात झ्याक चाललं, घरी बिघडलं. अन् माझा लाल्या बी पुसला हिनं!"

"आता तर दिसतोय."

शेषेरावांच्या पत्नी उज्वलाबाई चहा घेऊन आल्या. "फोन बंद होऊन चालू झाला की ते कोंबड्याचं चित्र दाबायचं, मंग लाल्या येतो. शिवमनं सांगून ठेवलंय. काल घरी आल्या आल्या दाबलं ह्यांनी. लई जीव हाय बैलावर!"

श्रीशैलनं कप खाली ठेवला.

"जेलब्रेकच्या तऱ्हा असतात, किशनराव. एक पक्का, फोन बंद करून चालू केला तरी टिकणारा. तसा असता तर दुकानातही लाल्या दिसला असता. दुसऱ्याला दर वेळी कॉम्प्युटर लागतो. पण इथं लाल्या घरबसल्या परतला. राहिला तिसरा. फोन बंद झाला की तो झोपतो, आणि फोनमधलंच एक चित्र दाबलं की उठतो. काल बॅटरी बदलताना फोन बंद झाला, दुकानात तो झोपलेला, म्हणून बँक चालली. घरी त्याला जागं कुणी केलं?"

सगळ्यांनी शेषेरावांच्या अंगठ्याकडे पाहिलं.

श्रीशैलनं फोन बंद करून चालू केला. लाल्या गेला, बँक उघडली.

"म्हंजी... म्याच?" शेषेरावांचा चेहरा पडला. "पोरी, चुकलो. पण लाल्याबिगर फोन कसा वापरू?"

"मामा, त्याचा फोटो पडद्यावर वॉलपेपर म्हणून लावते. त्याला कुलूप तोडावं लागत न्हाई."

फोटो लागला तसे शेषेराव तडक बाजारात निघाले. काल ठोकली त्याहून मोठी बोंब त्यांनी आज ठोकली. आज ती स्वतःच्या नावानं होती. किशनरावांनी गुपचूप आपला फोन काढून बुद्धप्रियापुढे धरला.

"ह्याचीही बॅटरी बदलायची होती."