लाइट उजव्या हाताला

जुनं मशीन बरं की नवं, हे विचारणारे तुम्ही या महिन्यातले तिसरे. मुंबई-पुण्यात कुणीतरी पुन्हा रेकॉर्डी ऐकायला लागतं, आणि त्याची लागण रत्नागिरीत माझ्या दुकानापर्यंत येते. बसा. तो स्टूल घ्या. मागच्या फळीवर फडक्याखाली झाकलेलं आहे, त्याला तेवढा हात लावू नका.

फरक सांगतो. जुन्या मशीनमध्ये मोटरचा दांडा आणि तबकडीची कड यांच्या मधे एक रबराचं चाक असतं, पेल्याच्या बुडाएवढं. ते घासत घासत तबकडी फिरवतं. गाण्याला जोर येतो, पण मोटरची घरघरही त्याच वाटेने सुईपर्यंत चढते. नव्या महागड्या मशीनमध्ये मोटर वेगळी उभी असते, मधे नुसता पट्टा. घरघर नाही. रेकॉर्डवर जेवढं आहे तेवढंच ऐकू येतं, वर कणभरही नाही. पूर्वी मी गिऱ्हाइकाला इतकं सांगून चहा मागवायचो. पण दोन्ही मशीनं शेजारी ठेवून मी एकदाच तुलना केली, आणि त्या तुलनेत एक माणूस गेला. कदाचित तो आधीच गेलेला असेल. तेच तर मला अजून कळलेलं नाही.

मिरकरवाड्यातले रशीदभाई. चाळीस वर्षं मासेमारीच्या लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच त्यांच्या शब्दावर चालायची. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा लाँच मुलाच्या हाती दिली. मुलगा जिब्रान. त्याला रेकॉर्डींचा भारी नाद. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने एक मोडकं इंग्लिश मशीन उचलून आणलं होतं. ते मीच चालतं केलं, नवीन चाकही मीच बसवलं. आईबापांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा पोराने काय करावं? मुंबईला जाऊन, एका स्टुडिओच्या बंद खोलीत बसून, स्वतःच्या आवाजाची रेकॉर्ड कापून घेतली. एकच प्रत. आधी अब्बा-अम्माला सलाम, मग दीड मिनिट थट्टामस्करी, अम्माच्या बांगड्याच्या कालवणाची तारीफ. पुढे बाजू संपेपर्यंत पाच-सहा मिनिटांची नुसती कोरी खाच.

ऑक्टोबरातल्या वादळात लाँच गेली ती आलीच नाही. जिब्रान आणि चार खलाशी. पाचांतल्या एकाचीही मयत मिळाली नाही. खलाशांच्या घरच्यांनी यथावकाश आपापल्या रीतीने शेवटचं करून घेतलं. मयत हाती नसली तरी तिच्या माघारी गायबाना नमाज पढता येते, असं जमातीतली माणसं रशीदभाईंना सांगून थकली. ते ऐकून घ्यायचे आणि नाही म्हणायचे.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या बायको, हफीजाभाभी, दुकानात आल्या.

"गुणाजीभाऊ, आमच्या लेकीनं, नबीलानं, दुबईवरनं नवा मशीन पाठवलान हाय. तुमी या, आणि दोनी मशीन लावून दाखवा ह्यांना."

"काय दाखवायचं?"

"जिब्रानचं बोलणं सरलं, की जुन्या मशीनमधनं ह्यांना लाँचचं इंजिन आयकू येतं. म्हणतात, पोर येतंय. म्हणून नमाज पढू देत नाहीत." त्यांनी पदर सावरला. "मला माझ्या पोरासाठी रडायचं हाय, भाऊ. हे मला रडू देत नाहीत."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सोपंही वाटलं. घरघर कुठून येते हे माझ्याइतकं या गावात कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गेलो. खोलीत सुक्या मच्छीचा आणि उदाचा वास होता, आणि समुद्राकडची खिडकी घट्ट लावलेली. रशीदभाई जुन्या मशीनसमोर पाटावर बसले होते. त्यांनी चाचपडत, पण अचूक, सुई ठेवली.

जिब्रानचा सलाम झाला. थट्टा झाली. मग कोरी खाच सुरू झाली, आणि खालून घरघर वर आली. मी मनात म्हटलं, ही मोटर. पण ती हळूहळू जवळ येत गेली. धक धक धक धक... आणि दर वेळी एक ठोका गळत होता.

"तिसरा सिलिंडर," रशीदभाई कुजबुजले. "तो पयल्यापासनं चुकतो. आपलीच लाँच."

मग ते सुईवर वाकले. आमच्या किल्ल्यावरचं दीपगृह तुम्ही पाहिलं असेल. बाहेरून बंदरात शिरताना ते उजवीकडे राहतं.

"जिब्रान... लाइट उजव्या हाताला ठेव. आयकलंस? उजव्या हाताला..."

इंजिनाचा आवाज उतरला. कुणीतरी गती कमी करावी तसा, सावकाश. बाजू संपली, सुई उचलली गेली. रशीदभाई माझ्याकडे वळून हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

मी घाईघाईने नवं मशीन लावलं. पांढरं, जड, देखणं. त्यावर जिब्रान इतका साफ बोलला, की शब्दांच्या मधला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. आणि बोलणं संपल्यावर काहीच नाही. दारात उभ्या असलेल्या हफीजाभाभींच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. सहा मिनिटं आम्ही तिघं ती शांतता ऐकत बसलो.

"ह्याला कान नाय," रशीदभाई अखेर म्हणाले. "पण तू कारागीर हायस, गुणाजी. जुना मशीन उघड. बिघाड असंल तर बिघाड म्हण, मी नमाजेला उभा ऱ्हातो. नसंल तर नाय म्हण, मग मला कुणी काय बोलायचं नाय."

मी तबकडी उचलली. चाक नखाखाली फिरवून पाहिलं. गोल होतं, गुळगुळीत, मी बसवलं त्या दिवशीसारखं. मोटरही लोण्यासारखी फिरत होती. बिघाड नव्हता. मी वर पाहिलं. भाभी तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होत्या.

मी चाकाच्या कडेवर अंगठा टेकवला आणि म्हटलं, "इथे सपाट झालंय."

मग रशीदभाईंकडे न बघताच विचारलं.

"मशीन बंद करताना तुम्ही भिंतीवरचं बटण दाबता ना? हा मशीनचा खटका नाही फिरवत?"

"व्हय."

"मग चाक रात्रभर दांड्यावर दाबून राहतं. रबर दबतं. फिरताना तेवढ्याच जागी ठोका गळतो. तिसरा सिलिंडर नाही हो हा, रशीदभाई. रबर आहे."

"म्हणजे माझ्याच हातानं झालं," ते म्हणाले. मोतीबिंदूमुळे त्यांना चाक दिसण्यासारखं नव्हतं. त्यांनी हात पुढे करून चाचपलंही नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. "हफीजा, जमातीत सांगून ठेव. शुक्रवारी जुम्यानंतर."

भाभी दारातच खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं. जुनं मशीन त्यांनी मलाच नेऊ दिलं. घरात नको म्हणाले.

शुक्रवारी दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून मी ते टेबलावर ठेवलं. मन खात होतं, दुसरं काय. माझ्याकडे मशीनं तपासायची एक रेकॉर्ड आहे, तिच्यावर एक भाग पूर्ण कोरा असतो. जिब्रानची रेकॉर्ड मिरकरवाड्यात, मशीन इथे. म्हटलं, आता तरी नुसती मोटर ऐकू येईल. सुई ठेवली.

धक धक धक धक... आणि एक ठोका गळलेला.

घड्याळात दीड वाजत होता. मशीद माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी उठलो, चपला घातल्या. मग पुन्हा बसलो. जाऊन काय सांगणार होतो? की मी खोटं बोललो? पोराच्या नमाजेला उभ्या असलेल्या बापाला, सगळ्या जमातीदेखत? मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं.

मग इंजिन बंद पडलं.

ते बंद झाल्यावर दुसरे आवाज उघडे पडले. फळ्यांवर आपटणारं पाणी. दोर ताणल्याचा करकर आवाज. आणि अगदी जवळ, त्या रेकॉर्डवर कधीच नसलेला, थंडीने कापणारा जिब्रानचा आवाज.

"अब्बा... लाइट कुठल्या हाताला...?"

मी सुईवर वाकलो. कसाबसा म्हणालो, "उजव्या... उजव्या हाताला ठेव, बाळा..."

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.

"कोण हाय...?" तो म्हणाला. "अब्बा कुटं गेले...?"

मी भिंतीतली वायर उपटली. खटका फिरवायचंही भान राहिलं नाही. वर फडकं टाकलं, आणि पुढे चाळीस दिवस त्याला हात लावला नाही.

नमाजेनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर रशीदभाई स्वतः दुकानात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाले, नवं मशीन रोज लावतो. पोर साफ बोलतं. पण तिथं तो खोलीत बसलेला हाय, दर्यात नाय.

मग म्हणाले, "आता दिसतंय मला. ते चाक दाखव एकदा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. फडकं काढलं, तबकडी उचलली. आता या माणसाला कळणार, या विचाराने मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

चाकाची कड सपाट झालेली होती. नेमकी तिथे.

रशीदभाईंनी ती चष्मा वर करून बघितली, बोटाने चाचपली, मान हलवली. "खरं बोललास, गुणाजी. अल्ला तुझं भलं करो." आणि पायऱ्या उतरून, एक हात गुडघ्यावर ठेवत, हळूहळू निघून गेले. मी त्यांना हाक मारली नाही. मारून काय सांगणार? आता तर पुरावाही माझ्याच बाजूने होता.

तेव्हा तुम्ही नवंच घ्या. पैसे जातील, पण निदान त्यातून कुणी काही विचारणार तरी नाही.

ते चाक? खटका चाळीस दिवस चालूच राहिला होता, म्हणजे रबर दबायचंच. हे मी कुणालाही समजावून सांगेन. पण दांड्याने दबलेल्या रबराला बारीक आडवी खाच पडते. इथे जागा आहे चांगली अंगठ्याएवढी, आणि तिच्यावर गोल गोल रेषा आहेत. रशीदभाई निघून गेल्यावर मी त्या रेषांवर माझा अंगठा ठेवून पाहिला. नीट बसला.